कवळीबुवांचं मृत्युपत्र

कवळीबुवांना मरणाची भीती नव्हती, कागदांची होती.

चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या कवळ्या बनवल्या. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्यांच्या हातचं होतं, आणि त्यातले बरेच जण ते हसू तोंडात घेऊनच गेले होते. कुणी गेल्याचं कळलं की बुवा आधी विचारत, "नुसती वरची होती, की वरची-खालची दोन्ही?" मग हळहळत. पण स्वतःच्या जाण्याचा विषय निघाला की ते कारखान्यात जाऊन बसत. कारखाना म्हणजे घरामागची एक खोली. तिच्यात एक टेबल, एक भट्टी, प्लास्टरची पिंपं आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर खोक्यांत घालून ठेवलेले गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे पांढरे साचे. हयात आणि मयत, दोन्ही एकाच रांगेत.

त्यांच्या बायकोला सगळे ब्रेकबाई म्हणत. ती गाडी चालवायला शिकवायची. शिकणाऱ्याच्या पायाखाली एक ब्रेक आणि हिच्या पायाखाली दुसरा, आणि हिचा ब्रेक असा करकचून लागायचा की शेजारच्या गल्लीतलं कुत्रंही थांबायचं. बुवा वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तिच्याकडे शिकायला आले. तीनदा परीक्षेत नापास झाले. चौथ्यांदा पास झाले आणि त्याच गाडीत त्यांनी तिला लग्नाचं विचारलं. तिने आधी ब्रेक दाबला, मग हो म्हटलं. मागच्या सीटवर तिची नऊ वर्षांची लेक चित्रं रंगवत बसली होती. लेकीचे वडील ती दोन वर्षांची असतानाच गेले होते. ती बुवांना 'काका' म्हणायला लागली, आणि आता एकतीस वर्षांची झाली तरी काकाच म्हणत होती.

या सगळ्याला सुरुवात झाली ती दातांच्या डॉक्टरांमुळे. बुवा ज्यांच्यासाठी पंचवीस वर्षं कवळ्या बनवत होते ते डॉक्टर एका दुपारी जेवता जेवता गेले. काही म्हणजे काही लिहून ठेवलं नव्हतं. महिन्याभरात दोन्ही मुलांनी दवाखाना वाटून घेतला. थोरल्याने रोग्याची खुर्ची उचलली, धाकट्याने तिच्यावरचा दिवा काढून नेला. आता एकाकडे अंधारात बसायचं आणि दुसऱ्याकडे उजेडात उभं राहायचं, अशी सोय झाली. घर डॉक्टरांच्या एकट्याच्या नावावर होतं, म्हणून डॉक्टरीणबाई स्वतःच्याच घरात पाहुण्यासारख्या बसून होत्या.

त्यांना भेटून दोघं परत आले. गाडी दारात लावल्यावर ब्रेकबाई म्हणाली, "उद्या वकिलाकडे जायचं."

"मला उद्या दोन कवळ्या द्यायच्यात."

"त्यांना अजून एक दिवस पेज पिऊ दे."

वकील गोलमटोल माणूस होता. त्याला बारमाही सर्दी होती आणि मरणाबद्दल तो हवापाण्याच्या गप्पा मारल्यासारखं बोलायचा.

"समजा, तुम्ही आधी गेलात," तो बुवांना म्हणाला आणि शिंकला.

"मीच का?"

"बरं, बाई आधी गेल्या."

"मी का म्हणून?" ब्रेकबाई म्हणाली.

"बरं, दोघं एकाच वेळी गेलात."

"एकाच वेळी कसे जाऊ?" बुवा म्हणाले. "हिला घराबाहेर पडायला नेहमी अर्धा तास जास्त लागतो."

वकिलाने नाक पुसलं आणि नेटाने समजावलं. मृत्युपत्र दोघांचं वेगवेगळं करायचं, कारण नवरा-बायको संसार एकत्र करतात, पण जातात एकेकटे. ते अमलात आणायला एक भरवशाचा माणूस नेमायचा. शुद्ध हरपली, वाचा गेली, तर औषधोपचाराचा निर्णय कुणी घ्यायचा आणि बँकेत सही कुणी करायची, तेही लिहून द्यायचं. "मेल्यानंतरचं सगळ्यांना सुचतं," तो म्हणाला. "मेलो नाही आणि धड जिवंतही नाही, त्या मधल्या काळाचं कुणाला सुचत नाही. खरी पंचाईत तिथेच होते." मग त्याने विचारलं, "मुलं?"

"एक मुलगी," बुवा म्हणाले.

"माझ्या आधीच्या लग्नाची," ब्रेकबाई म्हणाली.

"दत्तक घेतलीत?"

"घरातल्या घरात काय दत्तक घ्यायचं?" बुवा म्हणाले.

"मग कायद्याच्या लेखी ती तुमची कुणी नाही. लिहिलंत तर मिळेल, नाही लिहिलंत तर नाही." वकिलाने पुढचा कागद घेतला. "विम्यावर नॉमिनी कोण?"

"ही काय, बायको."

"पॉलिसी कधीची?"

बुवांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. ब्रेकबाई त्यांच्याकडे बघत राहिली.

"बायको खरीच," बुवा म्हणाले. "पण तेव्हाची."

बुवांचं पहिलं लग्न चार वर्षं टिकलं होतं. मोडून छत्तीस वर्षं झाली होती. भांडणतंटा काही नव्हता. ती शाळेत भूगोल शिकवायची, तिला बोलायला लागायचं. आणि हे दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडांत लक्ष घालून घरी आले की स्वतःचं तोंड उघडत नसत. एक दिवस ती म्हणाली, "मी जाते." बुवा म्हणाले, "बरं." विषय संपला.

"हरकत नाही, फॉर्म भरा, बदलून जाईल," वकील म्हणाला. "नाही बदललंत तर पैसे आधी त्यांच्या हातात पडतील, आणि मग या बाई मृत्युपत्र घेऊन त्यांच्या दारात उभ्या."

ब्रेकबाई घरापर्यंत हसत होती. तिच्या हसण्याचं बुवांना काही वाटलं नाही. हसणं थांबल्यावर मात्र त्यांना धास्ती वाटली. "आठ दिवसांत भरा," ती म्हणाली. बुवांनी फॉर्म कारखान्यात नेला. आठाचे पंधरा झाले, पंधराचे दोनशे. विचारलं की म्हणायचे, "सुरक्षित जागी ठेवलाय."

सात महिन्यांनी एका सकाळी भट्टीपाशी उभे असताना बुवांच्या उजव्या हातातून चिमटा गळून पडला. मग बुवाच पडले. समोरच्या चावीवाल्याने आवाज ऐकला आणि अँब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलने त्यांचं नाव कॉम्प्युटरवर घातलं आणि जुनी नोंद वर आली. सदतीस वर्षांपूर्वी बुवांचं अपेंडिक्स त्याच हॉस्पिटलमध्ये काढलं होतं. तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं? पत्नी. पुढे फोन नंबर. भूगोलबाईंना जगातल्या सगळ्या नद्यांचे रस्ते तोंडपाठ होते, स्वतः मात्र त्या तसूभर हलल्या नव्हत्या. तेच घर, तोच नंबर. "तुमच्या मिस्टरांना आणलंय," असं पलीकडून कुणीतरी म्हणालं. आपल्याला मिस्टर नाहीत हे आठवायला त्यांना एक क्षण लागला, आणि पायांत चपला सरकवायला त्याहून कमी.

ब्रेकबाईला चावीवाल्याचा फोन आला तेव्हा ती शिकवणीवर होती. गाडी चालवत होती एक रिटायर्ड ग्रंथपालबाई. तिचा हा तिसरा धडा. ब्रेकबाईचे हात असे थरथरत होते की तिने जागा बदललीच नाही.

"हॉस्पिटलला घ्या," ती म्हणाली.

"मी? मला तर अजून उजवीकडे वळता येत नाही!"

"मग डावीकडे वळत वळत घ्या."

ग्रंथपालबाईने खरोखर तसंच केलं. पाच मिनिटांच्या वाटेला पंचवीस मिनिटं लागली. प्रत्येक वळणावर तिने सिग्नल दिला, आणि रस्त्यात एकही माणूस नव्हता तिथेही हॉर्न वाजवला. हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबली तेव्हा तिने डोळे मिटलेले होते. ते नक्की कधी मिटले, हे ब्रेकबाईने विचारलं नाही.

काउंटरवरच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "पेशंटच्या कोण?"

"पत्नी."

त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "पत्नी आत आहेत."

"कोण आत आहे?"

"पत्नी."

"मग मी कोण?"

"ते तुम्हीच सांगायचं," कारकून म्हणाला.

तेवढ्यात आतून एक उंच, पांढऱ्या केसांची बाई बाहेर आली. गळ्यात चष्म्याची दोरी. दोघींनी एकमेकींना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, पण ओळख करून द्यावी लागली नाही.

"तो शुद्धीवर आहे," भूगोलबाई म्हणाल्या. "उजवा हात हलत नाहीये. बोलता येत नाहीये. एवढंच आहे, बाकी तसाच आहे. तेव्हा तरी कुठे बोलायचा?" आणि हे बोलून त्या स्वतःच खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या. ब्रेकबाईने त्यांना आपली पाण्याची बाटली दिली आणि आत गेली.

बुवांनी तिला पाहिलं आणि त्यांचा चेहरा डावीकडून हसला. मग ते स्पष्टपणे म्हणाले, "बत्तीस."

"काय?"

"बत्तीस," बुवा म्हणाले. "बत्तीस, बत्तीस."

मेंदूत गुठळी अडकली की कधी कधी असं होतं, डॉक्टर म्हणाले. सगळं कळतं, पण तोंडातून एखादाच शब्द निघत राहतो. पाणी हवं, तरी बत्तीस. उशी सरकवा, तरी बत्तीस. गुठळी औषधाने विरघळली होती, पण मानेतली एक नस जवळजवळ बंद होती. परवा ऑपरेशन करून ती मोकळी करायची. धोका होता, न करण्यातही होता. पेशंटला सही करता येत नव्हती, तेव्हा ज्यांना अधिकार आहे त्यांनी उद्या दुपारपर्यंत करायची.

"मी करते," ब्रेकबाई म्हणाली.

"नोंदीत यांचं नाव आहे," कारकून म्हणाला. आता त्याला अधिकाऱ्याचा चेहरा आला होता. "तुमच्या लग्नाचा दाखला आणा."

"यांना विचारा ना!" ब्रेकबाईने भूगोलबाईंकडे हात केला. "या स्वतः सांगतायत की या बायको नाहीत."

"बायको नाही म्हणून सांगणारे इथे रोज येतात," कारकून म्हणाला. "दाखला लागेल."

दाखला 'सुरक्षित जागी' होता. ही जागा कुठे हे फक्त बुवांना ठाऊक होतं, आणि बुवा म्हणत होते, बत्तीस.

लेक तोवर कामावरून धावत आली होती. ती गुरांची डॉक्टर होती. बोलता न येणाऱ्या रोग्यांची तिला सवय होती. "काका काहीतरी सांगतायत," ती म्हणाली. "खोक्यांवर आकडे आहेत. बत्तीस नंबरच्या खोक्यात असणार!"

मायलेकी कारखान्यात गेल्या. बत्तीस नंबरचं खोकं सर्वांत वरच्या फळीवर होतं. लेक स्टुलावर चढली, खोकं खाली आलं, त्याच्यावरची धूळ दोघींच्या नाकात गेली. आत एक जबडा निघाला. खाली नाव लिहिलं होतं. दातांच्या डॉक्टरांचा. बाकी काही नाही. मग त्यांनी पंचांगापासून टेलिफोनच्या वहीपर्यंत प्रत्येक गोष्टीचं बत्तिसावं पान उघडलं, बत्तिसावी फरशी ठोकून पाहिली. फरशा कुठून मोजायच्या यावरून दोघींचं भांडणही झालं.

संध्याकाळी चार वाजता दारात भूगोलबाई उभ्या राहिल्या. पत्ता कारकुनाने दिला होता, अर्थात पत्नी म्हणून.

"दाखला सापडला?"

"नाही."

"प्लास्टरच्या पिंपात पाहिलंत?"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

"महत्त्वाचं ते पिठात," भूगोलबाई म्हणाल्या. "चोर सगळीकडे हात घालतो, पांढऱ्या पिठात घालत नाही, असं त्याचं म्हणणं. आमचाही दाखला तिथेच असायचा. लग्न मोडायला गेलो तेव्हा दोघांचेही हात कोपरापर्यंत पांढरे होते. कोर्टातल्या शिपायाला वाटलं, आम्ही भिंती रंगवायला आलोय."

लेकीने बाही वर केली, जनावराच्या पोटात घालतात तसा सवयीने हात पिंपात घातला आणि तळातून एक पत्र्याचा डबा ओढून काढला. डब्यात लग्नाचा दाखला होता. घराची कागदपत्रं होती. भूगोलबाईंच्या नावाची पॉलिसी होती. आणि सात महिन्यांपूर्वीचा वकिलाचा फॉर्म होता, घडीसुद्धा न मोडलेला.

ब्रेकबाईने तो कोरा फॉर्म हातात घेतला आणि तिचा ब्रेक सुटला. "उठू दे एकदा हॉस्पिटलमधून," ती म्हणाली, "आधी जिवंत करते आणि मग मीच मारते!"

"माणूस चांगला आहे तो," भूगोलबाई म्हणाल्या.

"ते माहीत आहे मला! चांगला आहे म्हणून तर राग येतो. वाईट असता तर मेला का जगला, सही कुणाची, मला काय करायचं होतं?" आणि आता ती रडली. लेकीने दोघींना चहा केला. त्या चहात थोडं प्लास्टर पडलं होतं, तरी दोघींनी तो संपवला.

दुसऱ्या दिवशी ब्रेकबाईने दाखला काउंटरवर असा आपटला की कारकुनाच्या तोंडावर पिठाचा पांढरा ढग उडाला. ऑपरेशन झालं. नस मोकळी झाली. चार दिवसांनी बुवा 'पाणी' म्हणाले, आठवड्याने 'अगं', आणि तीन आठवड्यांनी जेवणाला नावं ठेवायला लागले. तेव्हा डॉक्टरांनी त्यांना घरी सोडलं.

"बत्तीस म्हणजे काय सांगत होतात?" लेकीने विचारलं.

"मी? मी तर पिंपात बघा म्हणत होतो," बुवा म्हणाले.

वकील त्याच आठवड्यात घरी आला, रुमालासकट. ब्रेकबाईने कारखान्याला कुलूप घातलं होतं. सह्या झाल्याशिवाय किल्ली मिळणार नव्हती. बुवांचा उजवा हात अजून अशक्त होता, पण डोकं शाबूत असल्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट वकिलाने आधीच मागवून घेतलं होतं. "हे असलं की पुढे कुणी म्हणत नाही की म्हाताऱ्याला काही कळत नव्हतं," तो म्हणाला.

"तसं म्हणणारी एकच आहे, आणि ती तर लाभार्थी आहे," बुवा म्हणाले.

घराचं सोपं निघालं. ब्रेकबाईने हयातभर राहायचं, मग लेकीचं. आधी ब्रेकबाई गेली, तर बुवांनी राहायचं, मग लेकीचं. मृत्युपत्र अमलात आणायचं काम लेकीकडे. औषधोपचाराच्या कागदावर मात्र बुवा अडले. वकिलाने विचारलं, परत उठण्याची आशाच नसेल, तर नळ्या घालून जगवायचं का?

"माझ्या तोंडात माझ्या हातची कवळी सोडून काही घालायचं नाही," बुवा म्हणाले.

"म्हणजे नळ्या नकोत, असं लिहू?"

बुवांनी ब्रेकबाईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. "अगं, तू सांग."

"मी का सांगू? तुमचं तोंड."

"तुझ्यावर पाळी आली तर काय करशील?"

"तुम्ही आत्ता जे सांगाल ते करीन," ती म्हणाली. "म्हणून तर सांगा म्हणतेय. त्या दिवशी तिथे बसून मी काय अंदाज बांधत बसू? बत्तीस?"

बुवा बराच वेळ गप्प राहिले. त्यांचं गप्प राहणं तिला नवीन नव्हतं, पण या खेपेला ती थांबली.

"नकोत," ते म्हणाले. "दुखू देऊ नका, एवढं लिहा. आणि हिला घरी झोपायला पाठवा. ही तिथे खुर्चीत बसून राहील आणि पाठ धरून बसेल."

वकिलाने शब्दन् शब्द लिहून घेतला. मग तो लेकीच्या कलमावर आला आणि घसा साफ केला. "इथे नातं स्पष्ट लिहायला हवं. 'माझ्या पत्नीची, तिच्या आधीच्या विवाहापासून झालेली कन्या.'"

"माझी मुलगी, असं लिहा."

"त्याने गोंधळ होईल. उद्या एखादा दूरचा पुतण्या उभा राहिला की विचारेल, कुठली मुलगी?"

"मग पुढे लिहा काय ते. आईचं नाव लिहा, जन्मतारीख लिहा, बुटाचा नंबर लिहा. पण आधी माझी मुलगी."

लेक दारात उभी होती. ती म्हणाली, "काका, मला काही नको हो त्यातलं."

"तुला कोण विचारतंय? मी वकिलाशी बोलतोय."

लेक आत निघून गेली आणि स्वयंपाकघरात बराच वेळ नळ वाहत राहिला.

"साक्षीदार दोन," वकील म्हणाला. "ज्यांना या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असे. लाभ असलेल्याने साक्ष दिली की कागद लंगडा होतो."

एक तर ग्रंथपालबाई झाली. ती आता उजवीकडे वळायला शिकली होती आणि बाहेर गाडीत बसूनच होती. दुसरा म्हणून चावीवाल्याला विचारलं, पण बुवांनी त्याला भट्टीजवळचं एक कपाट द्यायचं कबूल केलं होतं आणि मृत्युपत्रात तसं लिहायला लावलं होतं. समोरचे, शेजारचे, सगळ्यांना बुवांनी काही ना काही देऊन ठेवलेलं. कुणाला शिडी, कुणाला पंखा.

"या आख्ख्या गावात तुमच्याकडून काहीच न मिळणारं कुणी आहे की नाही?" वकील वैतागून शिंकला.

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं आणि ब्रेकबाईने फोन उचलला.

भूगोलबाई तासाभरात आल्या. चष्मा चढवून त्यांनी वकिलाला विचारलं, "मला यात काही नाही ना?"

"काही नाही. पॉलिसीवरूनही तुमचं नाव आजच काढतोय."

"चमचासुद्धा नाही?"

"चमचासुद्धा नाही."

"आण मग पेन," त्या बुवांना म्हणाल्या. बुवांनी आधी त्यांच्यासमोर सही केली, डाव्या हाताने उजव्याला आधार देऊन, जबड्याचा साचा काढताना लागतो तेवढा वेळ लावून. मग ग्रंथपालबाईने केली. मग भूगोलबाईंनी शाळेतल्या निकालपत्रकावर करायच्या तशी, खाली दोन रेघा ओढून. पाठोपाठ ब्रेकबाईचं मृत्युपत्र झालं. तिचं फार नव्हतं. दोन ब्रेकची गाडी लेकीला, बाकी सगळं यांना.

पेन खाली ठेवून भूगोलबाई म्हणाल्या, "माझ्या पेन्शनवर नॉमिनी कोण आहे, सांगू?" आणि त्यांनी बुवांकडे बोट केलं. "निघताना बघितलं. म्हटलं, दुसऱ्याच्या मृत्युपत्राला साक्षीला चाललीये, आपलं काय आहे बघावं तरी."

वकिलाने खिशातून नवा फॉर्म काढला.

बुवा त्यानंतर सहा वर्षं जगले. कवळ्या करायला हात चालत नव्हता, म्हणून दुसऱ्यांनी केलेल्या कवळ्यांत खोड्या काढत जगले. मृत्युपत्र त्यांनी दोनदा बदललं, दोन्ही वेळा चावीवाल्याशी भांडण झालं म्हणून. आणि दोन्ही वेळा कपाट पुन्हा त्याच्याच नावावर गेलं. शेवटच्या दुखण्यात पाच दिवस शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी नळ्यांचं विचारलं तेव्हा ब्रेकबाईने कागद पुढे केला. काय करायचं हे तिला स्वतःच्या मनाला विचारावं लागलं नाही. रात्री ती घरी जाऊन झोपली. तसं लिहिलेलंच होतं.

लेकीला कचेऱ्यांचे तीन हेलपाटे पडले. कुणी पुतण्या आला नाही. शिडी शेजारी गेली, पंखा समोर गेला. दोन महिन्यांत सगळं निस्तरलं. मग वकिलाने ब्रेकबाईला बोलावून घेतलं.

"तुमच्या कागदात सगळं त्यांच्या नावे आहे," तो म्हणाला. "ते आता नाहीत. दोघांतलं एक गेलं की दुसऱ्याचा कागद पहिल्या रेघेपासून बघायचा असतो." ही एवढी वाक्यं तो न शिंकता बोलला.

ब्रेकबाईने सगळं लेकीच्या नावे केलं. औषधोपचाराचा निर्णयही लेकीकडे. "आणि ती गावाबाहेर असली तर?" वकिलाने विचारलं. "कुठे तरी रानात गायीचं बाळंतपण करत असली, फोन लागला नाही तर? दुसरं एक नाव लागतं."

तिने जरा विचार केला आणि तिथूनच फोन लावला.

"मी?" पलीकडून भूगोलबाई म्हणाल्या. "अहो, पण मी तुमची कोण?"

"त्याला शब्द नाही," ब्रेकबाई म्हणाली. "वकील म्हणतात, 'इतर' असा रकाना आहे."

"मग हरकत नाही. पण मला सगळं आत्ताच सांगून ठेवायचं हं. काय हवं, काय नको. मला माणसांच्या मनातलं ओळखता येत नाही. चार वर्षं प्रयत्न करून पाहिलाय."

"वेळ आहे का आत्ता?"

"वेळच वेळ आहे. थांबा, कागद घेते."

वकिलाने हळूच खुर्ची मागे सारली आणि चहा सांगायला बाहेर गेला.